बायनरी, ऑक्टल, हेक्साडेसिमल : संख्यांच्या रूपांतराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान गोव्यातल्या मराठी मुलांसाठी आहे : अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्या, पॉलिटेक्निकला किंवा बीसीएला गेलेल्या. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इथली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. एकं, दहं, शतं त्यांचं पक्कं असतं. पुढे ‘नंबर सिस्टीम्स’चा धडा आला की मात्र तो परका वाटतो आणि मुलं कृती पाठ करायला लागतात. पाठांतराची गरज नाही. पहिली-दुसरीत शिकलेली स्थानिक किंमत नीट आठवली तर हा सगळा धडा तिच्यातूनच उलगडतो.

लिहिण्याच्या पद्धतीविषयी एक सूचना. इथे सगळे अंक देवनागरी आहेत आणि हेक्साडेसिमलची अक्षरं ए, बी, सी, डी, ई, एफ अशी लिहिली आहेत. उत्तरपत्रिकेत आणि संगणकावर ती रोमन लिपीतच लिहायची. ‘बेस’ला इथे पाया म्हटलं आहे : बायनरीचा पाया २, ऑक्टलचा ८, आपल्या नेहमीच्या दशमानाचा १० आणि हेक्साडेसिमलचा (थोडक्यात हेक्सचा) १६.

संख्या एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत नेली की तिची किंमत बदलते का?

नाही. गोवा विधानसभेत ४० आमदार आहेत. हा आकडा बायनरीत १०१०००, ऑक्टलमध्ये ५० आणि हेक्साडेसिमलमध्ये २८ असा लिहितात. आमदार तेवढेच राहतात, बदलते ती प्रत्येक जागेची किंमत. दशमानात उजवीकडून जागा १, १०, १००, १००० अशा वाढतात. बायनरीत त्या १, २, ४, ८, १६, ३२ अशा वाढतात, ऑक्टलमध्ये १, ८, ६४, ५१२ आणि हेक्समध्ये १, १६, २५६, ४०९६. म्हणून हेक्समधला २८ म्हणजे दोन सोळा आणि आठ, एकूण चाळीस.

पाया जेवढा, तेवढेच अंक, शून्य धरून. पायाएवढा अंक त्या पद्धतीत कधीच नसतो. ऑक्टलच्या उत्तरात ८ किंवा ९ दिसला, बायनरीत २ दिसला, तर गणित तपासत बसू नका. उत्तर चुकलेलंच आहे.

हेक्साडेसिमलमध्ये अक्षरं कशाला घुसवली?

सोळा अंक हवेत आणि आपल्याकडे चिन्हं दहाच आहेत म्हणून. एका जागेवर एकच चिन्ह बसलं पाहिजे. १० ला ए, ११ ला बी, १२ ला सी, १३ ला डी, १४ ला ई, १५ ला एफ. सोळा आला की तो १० असा लिहायचा, जसा दशमानात नवानंतर १० येतो तसाच.

संगणकाला दोनच अंक का पुरतात? दहा अंकांचा संगणक करता आला नसता का?

आला असता आणि केलाही होता. १९४६ साली जगासमोर आलेला एनियाक हा अमेरिकी संगणक दशमानातच चालायचा. त्यात दशमानाचा एकेक अंक साठवायला दहा फ्लिपफ्लॉपची (चालू किंवा बंद राहू शकणाऱ्या सर्किटांची) साखळी लागायची आणि त्यातला एकच एका वेळी चालू असायचा. म्हणजे दहा सुटे भाग वापरून एक अंक. तेच दहा फ्लिपफ्लॉप बायनरीत वापरले तर ० ते १०२३ पर्यंतची कुठलीही संख्या त्यात मावते.

दुसरं कारण खात्रीचं. तारेतला विजेचा दाब कधीच अगदी नेमका नसतो. पाच व्होल्टवर चालणाऱ्या जुन्या टीटीएल चिपांमध्ये इनपुटला ०.८ व्होल्टपर्यंत काहीही आलं तर ते ० आणि २ व्होल्टच्या वर काहीही आलं तर ते १ धरलं जातं. मधली जागा मुद्दाम मोकळी सोडलेली आहे. त्याच पाच व्होल्टमध्ये दहा पातळ्या बसवल्या असत्या तर जराशा गडबडीने ६ चा ७ झाला असता.

दशमान संख्येची बायनरी कशी करायची? आणि भागाकारच का करायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

घरात ऐंशी-नव्वदीतले आजोबा-आजी असतील तर त्यांना पोर्तुगीज काळातल्या पैशांविषयी विचारा. एस्कुदो येण्याआधी गोव्यात रुपिया चालायचा : ६० रेइसांचा एक तांगा आणि १६ तांगांचा एक रुपिया. समजा कुणाकडे ५००० रेइस आहेत. त्याचे रुपिये किती? आधी ६० ने भागायचं : ८३ तांगे, उरले २० रेइस. मग ८३ ला १६ ने भागायचं : ५ रुपिये, उरले ३ तांगे. उत्तर ५ रुपिये, ३ तांगे, २० रेइस. प्रत्येक भागाकारात सुट्टे बाजूला पडतात आणि बाकीचे मोठ्या नाण्यात जातात.

बायनरीत हेच करायचं असतं. फरक एवढाच की प्रत्येक पायरीला भाजक २ च असतो. गोवा मुक्त झाला ते वर्ष घेऊ, १९६१.

१९६१ भागिले २ : भागाकार ९८०, बाकी १
९८० : ४९०, बाकी ०
४९० : २४५, बाकी ०
२४५ : १२२, बाकी १
१२२ : ६१, बाकी ०
६१ : ३०, बाकी १
३० : १५, बाकी ०
१५ : ७, बाकी १
७ : ३, बाकी १
३ : १, बाकी १
१ : ०, बाकी १

बाक्या खालून वर वाचल्या की ११११०१०१००१. पडताळा घ्यायचा तर जिथे १ आहे त्या जागांच्या किमती मिळवा : १०२४ + ५१२ + २५६ + १२८ + ३२ + ८ + १ = १९६१.

हेक्स हवं असेल तर भाजक १६ करा. १९६१ ला १६ ने भागलं की १२२, बाकी ९. १२२ ला भागलं की ७, बाकी १०, म्हणजे ए. उरला ७. उत्तर ७ए९. इथे बाकी ‘१०’ अशीच उत्तरात लिहून ७१०९ करणारी मुलं दरवर्षी भेटतात. बाकी आली की लगेच तिचं अक्षर करून ठेवा.

बाक्या खालून वरच का वाचायच्या?

पहिला भागाकार फक्त एवढंच सांगतो की संख्या सम आहे की विषम. म्हणजे पहिली बाकी ही एकं स्थानची, सगळ्यात उजवीकडची. शेवटची बाकी सगळ्यात मोठ्या जागेची, म्हणून ती डावीकडे. वरच्या उदाहरणात रेइस आधी सुटले आणि रुपिये शेवटी मिळाले, पण सांगताना आपण रुपिये आधी सांगितले.

बायनरीवरून दशमान तोंडी काढायची काही सोपी रीत आहे का?

आहे, आणि ती शाळेत फारशी शिकवत नाहीत याची हळहळ वाटते. डावीकडून सुरू करा. हातात शून्य घ्या. प्रत्येक अंकाला हातातली संख्या दुप्पट करून त्यात तो अंक मिळवा. १०१००० घ्या : १, मग २, मग ५, १०, २०, ४०. झालं. घातांक नको, तक्ता नको. पाया दुसरा असेल तर दुपटीऐवजी त्या पायाने गुणायचं. ७ए९ साठी : ७, सात सोळे ११२ आणि १० मिळून १२२, १२२ गुणिले १६ म्हणजे १९५२ आणि ९ मिळून १९६१. मघाच्या भागाकारातलेच १२२ आणि ७ इथे उलट्या क्रमाने परत आले. कारण ही रीत म्हणजे तोच भागाकार मागे फिरवलेला आहे.

बायनरी आहे तर मग ऑक्टल आणि हेक्स मध्ये कशाला?

संगणकासाठी नाही, माणसासाठी. अकरा-बारा शून्य-एकं लिहिताना हात चुकतो आणि वाचताना डोळा चुकतो. ८ म्हणजे दोनाचा तिसरा घात आणि १६ म्हणजे चौथा. बायनरीच्या एका अंकाला बिट म्हणतात. त्यामुळे तीन बिटांचा गट म्हणजे नेमका एक ऑक्टल अंक आणि चार बिटांचा गट म्हणजे नेमका एक हेक्स अंक. भागाकार लागत नाही, नुसते गट पाडायचे. दहा हा दोनाचा घात नाही, म्हणून दशमानाशी असं जमत नाही.

मराठीच्या तासाला ज्यांनी वृत्तं शिकली आहेत त्यांना हे आधीपासून येतं. लघुला ०, गुरूला १ धरा. तीन अक्षरांचा एक गण, आणि गण आठच का? कारण तीन जागा, प्रत्येकी दोन पर्याय, दोन गुणिले दोन गुणिले दोन. ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र घेऊन बसा आणि प्रत्येक गणाची किंमत काढा : न ०००, म्हणजे ०. स ००१, म्हणजे १. ज ०१०, म्हणजे २. य ०११, म्हणजे ३. भ १००, म्हणजे ४. र १०१, म्हणजे ५. त ११०, म्हणजे ६. म १११, म्हणजे ७. ऑक्टलचे आठही अंक, एकही जास्त नाही, एकही कमी नाही.

आता भुजंगप्रयात घ्या. चरणात बारा अक्षरं, चार ‘य’ गण : ०११ ०११ ०११ ०११. ऑक्टलमध्ये ३३३३. त्याच बारा अक्षरांचे चार-चारचे गट पाडा : ०११० ११०१ १०११. म्हणजे ६, १३, ११. हेक्समध्ये ६डीबी. दोन्हींची दशमान किंमत १७५५. चरण एकच, गट पाडायची रीत वेगळी. ऑक्टलमधून हेक्समध्ये जायचं असेल तर नेहमी असंच बायनरीवरून जावं. दशमानावरून गेलात तर उगाच दोनदा मोठी गणितं करावी लागतात.

पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या सगळ्या जुळण्या ओळीने मांडायची ‘प्रस्तार’ नावाची रीत आहे आणि ती बायनरी मोजणीच्या अगदी जवळची आहे. मात्र पिंगलाने संगणक शोधला असं सांगत सुटू नये. त्याने छंद मोजले आणि ते अचूक मोजले, हेच पुरेसं मोठं आहे. बायनरीतल्या बेरीज-वजाबाकीवर लाइब्निट्झने १७०३ साली लिहिलं.

गट डावीकडून पाडले तर चालतील का?

पूर्णांकात नाही. एकं स्थान उजवीकडे असतं, म्हणून उजवीकडून. १११११०... असं काहीतरी लांबलचक समोर आलं की हात आपोआप डावीकडून सुरू होतो, तो आवरा. १९६१ ची बायनरी उजवीकडून पाडली की ११, ११०, १०१, ००१, म्हणजे ऑक्टल ३६५१, आणि ते बरोबर आहे. डावीकडून पाडली तर १११, १०१, ०१०, ०१ म्हणजे ७५२१, आणि त्याची किंमत होते ३९२१. उजवीकडून पाडताना डावीकडचा शेवटचा गट अपुरा राहिला तर त्याच्या डावीकडे शून्यं लावायची. दशांशचिन्हाच्या पलीकडे मात्र गट चिन्हापासून उजवीकडे पाडायचे आणि अपुरा गट शेवटी शून्यं लावून भरायचा.

ऑक्टल आता कुणी वापरतं का, की फक्त परीक्षेसाठी?

वापरतात. दाभोळी किंवा मोपाला उतरणाऱ्या प्रत्येक विमानाला हवाई वाहतूक नियंत्रण चार अंकी ट्रान्सपॉन्डर कोड देतं, म्हणजे रडारवर विमान ओळखायचा क्रमांक. हा कोड ऑक्टल असतो, त्यात ८ आणि ९ कधीच येत नाहीत. चार ऑक्टल अंक म्हणजे बारा बिट, म्हणून एकूण कोड ४०९६. त्यातले तीन संकटासाठी राखीव आहेत : ७५०० म्हणजे अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ बंद, ७७०० म्हणजे आणीबाणी.

लिनक्सवर फाइलला ७५५ अशी परवानगी देतात तेही ऑक्टलच. १११ १०१ १०१ : मालकाला वाचणं, लिहिणं, चालवणं तिन्ही, गटाला आणि इतरांना वाचणं आणि चालवणं, लिहिणं नाही. हा आकडा ‘सातशे पंचावन्न’ असा वाचू नका, सात-पाच-पाच असा वाचा.

उत्तरापुढे पाया लिहिला नाही तर गुण का कापतात? अक्षर दिसलं की हेक्स आहे हे कळतंच ना?

नाही कळत. पणजीचा पिनकोड ४०३००१ घ्या आणि १६ ने भागत जा. बाक्या येतात ९, ३, ६, २ आणि शेवटी ६. हेक्स उत्तर ६२६३९. एकही अक्षर नाही! पाया न लिहिता हे कुणाला दाखवलं तर तो बासष्ट हजार सहाशे एकोणचाळीसच वाचणार. फोंड्याचा ४०३४०१ घेतला तर ६२७सी९ येतं आणि ओळखू येतं, पण प्रत्येक वेळी नशीब साथ देईलच असं नाही. म्हणून वहीत संख्येच्या पायथ्याशी पाया लिहायचा आणि प्रोग्रॅममध्ये हेक्सच्या आधी शून्य-एक्स, बायनरीच्या आधी शून्य-बी लावायचं.

अपूर्णांकाचं काय? कॅल्क्युलेटरवर ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येतं, पायथनमध्ये ०.३०००००००००००००००४ का येतं?

अपूर्णांकात भागाकाराऐवजी गुणाकार. २ ने गुणायचं, पूर्णांक भाग बाजूला काढायचा, उरलेला पुन्हा गुणायचा. ०.६२५ चे १.२५, काढला १. ०.२५ चे ०.५, काढला ०. ०.५ चे १, काढला १. उत्तर ०.१०१, इथे अंक वरून खाली वाचायचे.

आता ०.१ करून बघा. ०.२, ०.४, ०.८, १.६, १.२, आणि पुन्हा ०.४... संपतच नाही. ०.०००११००११००११ असं ते अखंड चालू राहतं, जसं दशमानात एक भागिले तीन चालू राहतं. अपूर्णांक संक्षिप्त रूपात लिहिल्यावर छेद दोनाचा घात असेल तरच तो बायनरीत संपतो. संगणकाकडे जागा मोजकी, तो कुठेतरी तोडतो, आणि ती तूट पुढे बेरजेत दिसते.

तूट लहान असते म्हणून सोडून देऊ नका. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धाहरानला अमेरिकी पेट्रियट यंत्रणेला येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ सैनिक मेले. यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत होतं आणि ते ०.१ चोवीस बिटांत तोडून ठेवलं होतं. यंत्रणा सुमारे शंभर तास सलग चालू राहिली तोवर घड्याळ एक तृतीयांश सेकंदाने चुकलं होतं. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापतं.

दुकानाच्या बिलाचा प्रोग्रॅम लिहीत असाल तर रक्कम रुपयांच्या अपूर्णांकात ठेवू नका, पैशांत पूर्णांक म्हणून ठेवा.

ऋण संख्या बायनरीत कशी लिहितात?

आठ बिटांत वजा ५ हवा असेल तर ५ लिहा : ०००००१०१. सगळे बिट उलटे करा. घाईत लिहिलं तर : ११११०१०. मोजून बघा, हे सातच झाले! आठ बिट लिहायचे म्हणजे आठच, डावीकडची सगळी शून्यंही उलटवायची : १११११०१०. त्यात १ मिळवा : १११११०११. हाच वजा ५. यात ५ मिळवून पाहा : आठही जागा शून्य होतात आणि हातचा एक नवव्या जागी जाऊन गळून पडतो. वजाबाकीसाठी वेगळं सर्किट लागत नाही, हा याचा मोठा फायदा.

याच पद्धतीत ३२ बिटांत मावणारी सगळ्यात मोठी धन संख्या २१४७४८३६४७ आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या जुन्या यंत्रणांची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडच्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरते. पुढच्या सेकंदाला आकडा ऋण होतो आणि तारीख १९०१ मध्ये जाते.

६४ जीबीचा पेनड्राइव्ह संगणकावर ५९.६ का दाखवतो? दुकानदाराने फसवलं का?

फसवलं नाही. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ चा तिसरा घात धरतं. बाइट तेवढेच आहेत.

हे सगळं कॅल्क्युलेटर करतो, मग हाताने कशाला?

विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये ‘प्रोग्रॅमर’ मोड आहे. पडताळ्यासाठी तो जरूर वापरा, पण आधी हाताने सोडवून. परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात हे एक. दुसरं असं की वेबपानावर एफएफ९९३३ असा रंग दिसला की लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१, म्हणजे केशरी, हे बघताक्षणी कळायला हवं. रोज काम करणाऱ्याला त्यासाठी यंत्र उघडत बसायला वेळ नसतो.

संगणकाला आपले देवनागरी अंक कळतात का?

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरी ० चा क्रमांक हेक्स ०९६६ आणि ९ चा ०९६एफ. दहाही अंक ओळीने आहेत. पायथन ते थेट वाचतो : इंट या फंक्शनला ‘१०१’ हे देवनागरीत दिलं आणि पाया २ सांगितला की उत्तर ५ येतं, खुशाल करून बघा. जावास्क्रिप्ट मात्र ते वाचत नाही, ‘ही संख्या नाही’ असं कळवतं. तिथे प्रत्येक अक्षराच्या क्रमांकातून ०९६६ वजा करायचे. हेक्स ०९६६ म्हणजे दशमानात नऊ वेळा २५६, सहा वेळा १६ आणि ६, मिळून २४०६. ७ चा क्रमांक २४१३. त्यातून २४०६ गेले की उरतात ७.